कुलूप नवे, चोर जुनाच

सोमवारी सकाळी शेतावरून फोन येतो, “शेडचं कुलूप तुटलंय, लवकर या.” तुम्ही धावत जाता. ब्रशकटर गेलेला असतो, बॅटरीचा फवारणी पंप गेलेला असतो, कोपऱ्यातले केबलचे वेटोळे गेलेले असते. दोन दिवस चिडचिड होते. मग तुम्ही बाजारातून आधीपेक्षा जाड कुलूप आणता, हप्त्यावर नवा ब्रशकटर घेता आणि त्याच शेडमध्ये, त्याच खिळ्याला टांगता. महिना उलटत नाही तोच पुन्हा तसाच फोन येतो. या वेळी कुलूप शाबूत असते, मागचा पत्रा उचकटलेला असतो.

असे ज्यांच्याकडे घडले आहे त्यांना पहिला प्रश्न पडतो, “सगळी गावं सोडून माझ्याच शेडवर का?” कुणाची तरी नजर लागली, कुणीतरी मुद्दाम करतेय, घरातलाच माणूस फितूर आहे, असे हजार विचार मनात येतात. खरे कारण बहुतेक वेळा साधे असते. चोराला तुमची शेड माहीत झालेली असते.

तुम्ही इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला नोकरी करत असाल आणि गावाकडची शेती आईवडील बघत असतील, किंवा शहराबाहेर हौसेने घेतलेल्या प्लॉटवर शनिवार-रविवारीच जाणे होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. बंगल्याच्या मागच्या खोलीत गवत कापायचे यंत्र ठेवणाऱ्यांनाही यातले बरेच उपयोगी पडेल.

तो पुन्हा का येतो?

इंग्लंडमध्ये रॉचडेल शहराजवळ कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांनी लोक त्रासले होते. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, ज्या घरात एकदा चोरी झाली तिथे पुन्हा चोरी होण्याची शक्यता इतर घरांच्या चौपटीहून जास्त होती. म्हणून त्यांनी सगळ्या वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी नुकतीच चोरी झालेल्या घरांकडेच लक्ष दिले. त्या घरांची दारे-खिडक्या मजबूत केल्या, आसपासच्या पाचसहा घरांना तिथे नजर ठेवायला सांगितले. आणखी एक हुशारीची गोष्ट केली. त्या घरांत नाणी टाकून चालणारे वीज आणि गॅसचे मीटर होते. त्यातली रोकड हेच चोरांचे मोठे आकर्षण होते, म्हणून ते मीटरच काढून टाकायला सुरुवात केली. पाच महिन्यांत वसाहतीतल्या घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या.

आपल्या शेडचे गणितही असेच आहे. पहिल्या चोरीत चोराला फक्त ब्रशकटर मिळत नाही. वाट कुठून आहे, कुत्रा कुठे बांधलेला असतो, पत्रा किती पातळ आहे, आत पॉवर वीडर आहे पण तो एकट्याला उचलत नाही, हे सगळे त्याला कळते. शिवाय गेलेल्या वस्तूच्या जागी तुम्ही नवीकोरी वस्तू आणणार, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून पहिल्या चोरीनंतरचे काही आठवडे सर्वात धोक्याचे आणि कामाचेही. त्याला जे जे माहीत झाले आहे ते बदलणे, एवढेच त्या दिवसांत करायचे आहे. नुसते कुलूप बदलल्याने त्यातले काहीच बदलत नाही.

आधी तक्रार, मग दुरुस्ती

चोरी कळली की आपला हात आधी झाडूकडे जातो. थांबा. तुटलेले कुलूप, वाकलेली कडी, उचकटलेला पत्रा, मातीतल्या पावलांचे आणि टायरचे ठसे, या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो घ्या. एक फोटो लांबून, एक जवळून. तुटलेले कुलूप फेकू नका.

“एवढ्याशा वस्तूसाठी पोलीस स्टेशनला कोण जाणार?” हा विचार मात्र सोडा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात साध्या चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी अदखलपात्र ठरते, म्हणजे पोलीस नुसती नोंद करून घेतात. पण मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून चोरी झाली असेल तर कलम ३०५ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. रात्री कुलूप किंवा पत्रा तोडून आत शिरले असेल तर घरफोडीचे कलम ३३१ सुद्धा येते. म्हणून तक्रारीत “शेतातून पंप चोरीला गेला” एवढेच लिहू नका. “बंद शेडचे कुलूप रात्री तोडून आतला पंप नेला” असे जे घडले ते पूर्ण लिहा. एका वाक्याचा फरक आहे, पण कामाचा आहे.

तुम्ही परगावी असाल तरी अडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळणे हा तुमचा हक्क आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. दुसऱ्यांदा चोरी झाली असेल तर पहिल्या तक्रारीचा क्रमांक आवर्जून लिहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा होतेय हे कागदावर दिसले तर रात्रीच्या गस्तीत त्या रस्त्याचा विचार होण्याची शक्यता वाढते.

चोर दारातूनच येतो असे नाही

आता शेडकडे वळू. एकदा बाहेर उभे राहा आणि आपल्या हातात फक्त एक पाना आणि एक पहार आहे असे समजा. आवाज न करता आत कसे शिराल?

बहुतेक पत्र्याच्या शेडचे उत्तर दारात नसते, भिंतीत असते. भिंतीचे पत्रे आतल्या लोखंडी पट्ट्यांना बाहेरून स्क्रूने बसवलेले असतात. त्यांची डोकी बाहेर असतात आणि साध्या पान्याने फिरतात. एका पत्र्याचे खालचे पाचसहा स्क्रू काढले की माणूस आत जाईल एवढी फट होते. कुलूप कितीही भारी असो, ते तसेच लटकत राहते. छपराचेही तेच. जे आकाराच्या हुकाचे नट छपराच्या बाहेरच्या बाजूला असतात.

यावर उपाय स्वस्त आहेत. छपराच्या हुकांचे नट घट्ट करून बोल्टचे बाहेर आलेले टोक हातोडीने ठोकून चपटे करा. नट मग सहज निघत नाही. भिंतीच्या प्रत्येक पत्र्याला खालच्या सहा फुटांत काही स्क्रूंच्या जागी रिव्हेट मारून घ्या. रिव्हेट काढायला ड्रिल लागते, वेळ लागतो, आवाज होतो. मागची बाजू रस्त्यावरून दिसत नसेल तर तिथे आतून वेल्डमेश जाळी लावा. पत्रा कापला तरी पुढे जाळी असेल. पत्र्याखाली नुसती माती असेल तर विटांचे दोन थर किंवा काँक्रीटची पट्टी घाला. आमच्याकडे पत्रा मातीत गाडायची पद्धत आहे. तो दोन पावसाळ्यांत गंजून हाताने मोडतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नको.

आता दार. लोक हजारभर रुपयांचे कुलूप आणतात आणि ते दोन छोट्या स्क्रूने बसवलेल्या कडीला लावतात. चोर कुलपाला हातही लावत नाही. कडीत पहार घालून पिळतो, स्क्रू उपटून येतात. कडी आणि कोयंडा दोन्ही आरपार बोल्टने बसवा. बाहेरून गोल गुळगुळीत डोके, आतून मोठा वॉशर आणि नट. दार लोखंडी असेल तर सरळ वेल्डिंग करून घ्या. मग बिजागऱ्या बघा. त्या बाहेरच्या बाजूला असतील आणि त्यांची पिन वर ठोकून निघत असेल तर कुलूप लावले काय आणि नाही काय, सारखेच. पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा एकेक टिपका पुरतो.

कुलूप निवडताना त्याच्या वजनापेक्षा दांडा बघा. दांडा जितका कमी उघडा दिसेल तितका बोल्ट कटरला पकडायला कमी मिळतो. गावातल्या वेल्डरकडून कुलपाभोवती तीन बाजूंनी बंद अशी लोखंडी डबी बसवून घ्या. किल्ली खालून लागते, पण कटर आत जात नाही. पावसापासूनही कुलूप वाचते. आणि किल्ली टाकीमागे, कुंडीखाली, दाराच्या वरच्या पट्टीवर? ती जागा घरच्यांइतकीच चोरालाही माहीत असते.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर आता सगळीकडे मिळतो. त्याच्यापुढे कोणतेही कुलूप कायमचे टिकणार नाही हे मान्य करून टाका. आपल्याला अभेद्य किल्ला बांधायचा नाही. दोन मिनिटांचे काम पंधरा मिनिटांचे आणि आवाजाचे करायचे आहे.

आतल्या यंत्रांना बांधून ठेवा

शेडचे दार हा पहिला अडथळा असेल तर दुसरा आत हवा. जमिनीत काँक्रीट ओतताना त्यात जाड लोखंडी कडी गाडून घ्या. जुनी फरशी असेल तर एक फूट खड्डा खणून, सळईचा आकडा वाकवून काँक्रीटमध्ये पक्का करा. पॉवर वीडर, टिलर, कडबाकुट्टी, जनरेटर यांना तिथे साखळीने बांधा. साखळी हँडलमधून घालू नका, कारण हँडल दोन बोल्ट सोडले की निघते. इंजिनाच्या चौकटीतून घाला. साखळी ताणून बांधा. ती जमिनीवर लोळत असेल तर बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून अंगाच्या भाराने कापता येते.

छोट्या वस्तूंचे काय? ब्रशकटर, चेनसॉ, फवारणी पंप, ड्रिल, बॅटरी आणि चार्जर शेडमध्ये ठेवूच नका. घर जवळ असेल तर रोज संध्याकाळी घरी न्या. शनिवार-रविवारच्या प्लॉटवर जात असाल तर गाडीच्या डिकीत टाका. कंटाळा येतो, मान्य आहे. निदान चोरीनंतरचे दोन-तीन महिने तरी हा कंटाळा सोसा, कारण तो नेमका त्याच वस्तूंसाठी परत येणार आहे. हंगाम संपला की वीडरची पाती काढून घरी ठेवा. अर्धे यंत्र विकायला त्रासाचे असते.

बंगल्याच्या बागेत पितळी नळ आणि तोट्या आधी जातात. तिथे प्लॅस्टिकचे नळ लावले की प्रश्न संपतो.

विहिरीवरची मोटार आणि तांब्याचा मोह

शेतकरी कुटुंबांना सर्वात जास्त छळणारी चोरी शेडमध्ये होतच नाही, विहिरीवर होते. मोटार, स्टार्टर आणि केबल. केबल चोरणाऱ्याला केबल नको असते, आतले तांबे हवे असते. वरचे आवरण जाळून किंवा सोलून ते भंगारात जाते. तिथे चोराला मिळतात थोडे रुपये, तुमचे जाते कितीतरी जास्त.

माझ्या मामांची जुन्नर भागात शेती आहे. त्यांच्या विहिरीवरून एप्रिलमध्ये केबल आणि स्टार्टर गेला तेव्हा शेतात टोमॅटो उभे होते. ते म्हणाले, “केबलचे पैसे फिरून कमवीन गं, पण पाण्याची पाळी चुकली ती कुठून आणू?” नवी केबल टाकून मोटार चालू व्हायला चार दिवस गेले. उन्हाळ्यात चार दिवस म्हणजे काय, हे टोमॅटो लावणाऱ्यांना सांगायला नको. दीड महिन्याने तीच केबल पुन्हा कापली गेली.

इथे कर्कहोल्टच्या मीटरची आठवण ठेवा. चोर ज्यासाठी येतो ती वस्तूच काढून टाकता आली तर सगळ्यात बरे. मीटरच्या पेटीपासून विहिरीपर्यंतच्या लांब पल्ल्याला तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल टाकता येते. भंगारात तिला तांब्याच्या मानाने फारच कमी भाव मिळतो. पण ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेते. त्यामुळे तेवढ्याच मोटारीला तारेची जाडी दीडपटीहून जास्त घ्यावी लागते. तांबे आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडू नका. तो जोड गरम होतो, जळतो. दोन्ही धातूंसाठी असलेले लग वापरा आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या. मामांनी दुसऱ्या चोरीनंतर हेच केले. आता त्यांच्या केबलकडे कुणी बघत नाही.

तांब्याचीच केबल ठेवायची असेल तर ती पाइपमधून जमिनीखाली किमान दोन-अडीच फूट खोल न्या. जिथे ती वर येते तिथे लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये पक्का बसवा. उघड्यावर लोंबणारी केबल हे चोरासाठी आमंत्रणच असते. शेतीपंपाला वीज पाळीने मिळते, आणि वीज नसण्याची वेळ गावात सगळ्यांना माहीत असते. केबल मृत असते त्याच वेळी ती कापली जाते. काही मोबाइल स्टार्टरमध्ये केबल तुटली की बॅटरीवर इशारा देण्याची सोय असते. नवा स्टार्टर घेताना दुकानदाराला हे आधी विचारा.

मोटारीवर रंगाने नाव लिहायची पद्धत आहे. रंग खरवडून जातो. त्यापेक्षा छिन्नी-पंचाने नाव आणि गट नंबर मोटारीच्या अंगावर दोन ठिकाणी कोरा, एक समोर दिसेल असा आणि एक आतल्या बाजूला लपलेला. ब्रशकटर, वीडर, जनरेटर यांनाही हेच करा. सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढून घरातल्या दोन जणांच्या फोनमध्ये ठेवा. आणि चोरी झाल्यावर लगेच तालुक्यातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्यांना फोन करा. चोरीची मोटार कधी ना कधी तिथेच येते. जो कारागीर वर्षानुवर्षे तुमची मोटार भरत आला आहे तो ती दुसऱ्याच्या टेम्पोतही ओळखतो. भंगारवाल्यांच्या कानावरही घाला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. हे सौम्य शब्दांत सांगितले तरी पुरते.

सौर पंप असेल तर पॅनल बसवताना एकदा आवळल्यावर डोके तुटून जाणारे नट वापरायला सांगा. महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून पंप मिळाला असेल तर त्यात पाच वर्षांच्या दुरुस्ती हमीसोबत विमाही असतो. ती कागदपत्रे कपाटात कुठे आहेत हे आजच बघून ठेवा.

कॅमेरा घ्या, पण डोळसपणे

सध्या सिमकार्डवर आणि सोलरवर चालणारे कॅमेरे मिळतात. वायफाय लागत नाही, हालचाल झाली की फोनवर सूचना येते. चांगली सोय आहे. पण कॅमेरा चोराला धरत नाही. तुम्ही पुण्यात किंवा भोपाळमध्ये रात्री दोन वाजता ती सूचना बघाल तेव्हा पाच-दहा मिनिटांत तिथे कोण पोहोचणार, हे आधी ठरलेले नसेल तर तुम्हाला फक्त आपल्याच चोरीचा व्हिडिओ बघायला मिळेल.

लोक कॅमेरा छपराच्या टोकावर लावतात. तिथून टोपीच दिसते. एक कॅमेरा वर ठेवा, दुसरा दाराच्या आत, चेहऱ्याच्या उंचीवर, सहज लक्षात न येणारा. शेतावर नेटवर्क किती मिळते ते आधी त्याच कंपनीचे सिम फोनमध्ये घालून बघा. हालचालीवर लागणारा सोलर दिवा स्वस्त आणि उपयोगी आहे, पण तो अशा बाजूला लावा जिथून शेजारच्या वस्तीला उजेड दिसेल. कुणीच बघत नसेल तर तो दिवा चोराला काम करायला उजेड देतो. पॅनलवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा. कुत्रा पाळा, पण त्याला चोवीस तास एकाच जागी बांधून ठेवू नका. त्याची साखळी कुठपर्यंत पोहोचते हे दोन दिवसांत सगळ्यांना कळते.

आणि एक लहानशी गोष्ट. नव्या यंत्राची हळद-कुंकू लावून पूजा करा, पण त्याचा फोटो शेताच्या लोकेशनसह स्टेटसला ठेवू नका. रिकामा खोकाही शेडबाहेर फेकू नका.

रागाच्या भरात हे करू नका

दोनदा-तीनदा चोरी झाली की माणूस चिडतो. “या वेळी करंटच लावतो,” असे म्हणणारे तुम्हीही ऐकले असतील. कुंपणात किंवा शेडच्या दारात थेट वीज सोडणे हा सरळसरळ जीवघेणा प्रकार आहे. चोर येईल तेव्हा येईल, त्याआधी शेजाऱ्याचे मूल, पहाटे वैरणीला आलेली बाई, स्वतःचे गुरू किंवा अंधारात विसरून हात लावणारे आपलेच वडील त्याला चिकटतात. असे मृत्यू होतात, आणि मग ज्याच्या घरी चोरी झाली तोच सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला सामोरा जातो. रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन वेगळे. ते क्षणभराचे ठोके देते आणि प्रमाणित यंत्रावरच चालवायचे असते. घरच्या मीटरवरून तारेत सोडलेली वीज आणि ते यंत्र यांची तुलनाच होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट संशयाची. चोरी झाली की पहिले बोट सालगड्याकडे, नाहीतर माळावर पाल टाकलेल्या लोकांकडे जाते. पुरावा नसताना कुणाचे नाव घेऊ नका. दहा वर्षे राबणारा माणूस एका वाक्याने तुटतो. पुढच्या वेळी शेडजवळ अनोळखी टेम्पो उभा असेल तर तुम्हाला फोन करणारा तोच एकमेव माणूस असतो, हे विसरू नका. त्याला संशयित करण्यापेक्षा नव्या व्यवस्थेत सामील करून घ्या. गावात रात्रीची गस्त असेल तर तिथेही हे बोलून ठेवा. अनोळखी माणसे दिसली तर पोलिसांना कळवायचे, हात उचलायचा नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी निव्वळ संशयावरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. अफवा मुले पळवण्याची होती, पण रात्रीच्या गस्तीत “चोर, चोर” ही हाकही तेवढीच झटकन पेटते.

पाच शेजारी आणि एक फोन

घरात फक्त वयस्कर आईवडील असतील तर त्यांच्याशी एक गोष्ट स्पष्ट बोला. रात्री शेडकडून आवाज आला तर बाहेर जायचे नाही. दिवे लावायचे, आतूनच मोठ्याने हाका मारायच्या, ११२ ला फोन करायचा आणि शेजाऱ्यांना कळवायचे. बाबा ऐकणार नाहीत, काठी घेऊन निघतील. म्हणूनच हे शांतपणे, दिवसा, आईसमोर बोला. “ब्रशकटर पुन्हा घेता येईल” हे वाक्य तुमच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवे, कारण वस्तू गेली तर मुलगा किंवा मुलगी रागावेल अशी भीती अनेक आईवडिलांना असते.

शेजारी म्हणजे सगळे गाव नव्हे. ज्यांच्या घरातून किंवा शेतातून तुमची शेड, वाट किंवा विहीर दिसते अशी पाचसहा घरे. त्यांच्याकडे चहाला जा. मागच्या चोरीची वेळ, वाट, काय गेले ते सांगा. त्यांचे नंबर आईच्या फोनमध्ये पहिल्या पानावर आणा. त्यांची शेड फुटली तर तुम्ही काय कराल तेही सांगा. नाहीतर ही मदत महिनाभरात आटते. महाराष्ट्रात अनेक गावांत ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ आहे. नोंदणी केलेल्या माणसाने टोल फ्री क्रमांकावर फोन केला की त्याचा आवाज परिसरातल्या सगळ्या नोंदणीकृत मोबाइलवर एकाच वेळी फोन म्हणून पोहोचतो. तुमच्या गावात ती सुरू आहे का आणि आईवडिलांचे नंबर त्यात आहेत का, हे पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीकडून समजेल.

विमा, पावती आणि जुना माल

शेतीपंपासाठी वेगळी विमा पॉलिसी सरकारी विमा कंपन्यांकडे मिळते. शेड आणि त्यातल्या यंत्रांसाठी घरफोडीचा विमा घेता येतो. घेण्याआधी दोन गोष्टी वाचा. बहुतेक पॉलिसींत जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा असाव्या लागतात, म्हणून तुटलेल्या कुलपाचे ते फोटो जपायचे. दुसरे, उघड्यावर ठेवलेली वस्तू बऱ्याचदा विम्यात धरली जात नाही. वीडर रात्री बांधावर राहिला आणि गेला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. कंपनीला कळवण्याची मुदतही बघून ठेवा.

चोरी झाल्यावर पैसे वाचवायला आपण जुने यंत्र शोधू लागतो, आणि इथेच चोरीच्या बाजाराला गिऱ्हाईक मिळते. अर्ध्या किमतीत मिळणारा, पावती नसलेला, सिरियल नंबर खरवडलेला ब्रशकटर घेऊ नका. जुने घ्यायचेच असेल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, मूळ बिल आणि साध्या कागदावर सहीची पावती घ्या.

नवे यंत्र घरी आले की शेडमध्ये नेण्याआधी अर्धा तास काढा. सिरियल नंबरचा फोटो, बिलाचा फोटो, पंचाने कोरलेले नाव. मग तो जुना खिळा उपटून टाका आणि नव्या वस्तूची जागा बदला.